बराकीतला खोकला: प्रशिक्षण केंद्रांसाठी नोंद आणि प्रतिबंधाची रीत

खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र असो, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असो, रामटेकडीचे राज्य राखीव पोलीस दल असो की पुणे जिल्ह्यात ठिकठिकाणी चालणाऱ्या निवासी भरतीपूर्व अकादम्या असोत, तेथे येणारे तरुण वैद्यकीय तपासणीतून किंवा धावण्याच्या मैदानावरून पारखून आलेले असतात. असे असूनही दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्यांच्यात ताप, घसादुखी आणि खोकल्याची साथ पसरणे ही गोष्ट लष्करी वैद्यकाला शंभरहून अधिक वर्षे परिचित आहे. मोठ्या केंद्रांत वैद्यकीय अधिकारी, एमआय रूम (वैद्यकीय तपासणी कक्ष) आणि हाकेच्या अंतरावर लष्करी रुग्णालय असते. पुढील मांडणी मुख्यतः ज्यांच्याकडे एवढी यंत्रणा नाही अशा केंद्रांचे व्यवस्थापक, उस्ताद (प्रशिक्षक) आणि नर्सिंग असिस्टंट यांच्यासाठी आहे. औषधोपचार डॉक्टरांनीच ठरवायचा असतो; येथे विचार केला आहे तो रुग्ण वेळेत सापडावा कसा आणि पुढचे रुग्ण टळावेत कसे, एवढ्याचाच.

धडधाकट तरुण आजारी का पडतात

गडचिरोलीचा, बीडचा, कोल्हापूरचा असे निरनिराळ्या भागांतले तरुण एकाच आठवड्यात गर्दीच्या रेल्वेतून आणि एसटीतून येऊन एका छताखाली झोपू लागतात, तेव्हा प्रत्येकाच्या नाकाघशात आपापल्या गावचे जंतू असतात आणि दुसऱ्याच्या गावच्या जंतूंशी त्याची ओळख नसते. त्यात पहाटेची पीटी, अपुरी झोप, घरापासून दूर असल्याचा ताण आणि खाटेला खाट लागलेली बराक यांची भर पडते. मुंबईत १९१८च्या इन्फ्लुएंझाची पहिली चाहूल लागली तीही अशाच गटात. त्या वर्षी १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने पोलीस रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतला एक गोदीवर नेमणुकीस होता.

अमेरिकी लष्कराला ॲडेनोव्हायरस या श्वसनविकार घडवणाऱ्या विषाणूच्या ४ आणि ७ या प्रकारांनी अनेक दशके सतावले. तेथील अनुभव असा की रुग्णसंख्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात शिखर गाठते. १९७१ पासून त्यांनी रंगरुटांना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या रूपात लस दिली, तेव्हा आजार आटोक्यात आला. उत्पादन बंद पडून १९९९ मध्ये साठा संपला तेव्हा साथी परतल्या. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये लस पुन्हा सुरू झाल्यावर त्या पुन्हा ओसरल्या. ही लस आपल्याकडे मिळत नाही. त्यामुळे आपल्याला उरलेल्या साधनांवर, म्हणजे अंतर, हवा, साबण, नोंद आणि वेळेवर विलगीकरण यांवर, भिस्त ठेवावी लागते. महाराष्ट्राने बंदिस्त गटात साथ कशी धावते हे जुलै २००९ मध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत पाहिलेच आहे. स्वाइन फ्लूच्या त्या उद्रेकाचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केला होता.

नोंदवही: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन

बहुतेक ठिकाणी आजारी मुलांची एक वही असते, पण तिच्यातून काहीच कळत नाही, कारण तिच्यात फक्त नाव, तारीख आणि दिलेली गोळी एवढेच असते. उपयोगाच्या वहीत किमान पुढील गोष्टी असाव्या लागतात: प्लाटून (तुकडीतला गट), बराक आणि खाटेचा क्रमांक, त्रास सुरू झाल्याची तारीख, तापमान, खोकला, घसादुखी, धाप यांपैकी काय आहे, तापाची गोळी आधी घेतली होती का, आणि पुढे काय झाले. यांत त्रास सुरू झाल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण मुलगा सोमवारी सिक रिपोर्टला (आजारी असल्याचे कळवायला) आला म्हणून आजार सोमवारी सुरू झाला असे होत नाही. रविवारी आउटपास (बाहेर जाण्याची परवानगी) असेल तर सोमवारी गर्दी होणारच. ती गर्दी म्हणजे साथ की दोन दिवसांचा साचलेला हिशेब, हे सुरुवातीच्या तारखेवरूनच समजते.

रुग्ण कोणाला म्हणायचे याची व्याख्या एकदा ठरवावी आणि तुकडी बाहेर पडेपर्यंत बदलू नये. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरेनहाइट) किंवा त्याहून अधिक ताप आणि सोबत खोकला किंवा घसादुखी, ही व्याख्या पुरेशी आहे, डॉक्टरांनी न्यूमोनिया ठरवला असेल तर ताप नसला तरी तो रुग्ण धरावा. नुसत्या सर्दी-पडशाची नोंद वेगळ्या रकान्यात करावी, पण ती साथीच्या मोजणीत मिसळू नये. ताप मोजताना मुलाला पंधरा मिनिटे सावलीत बसवावे. उन्हातल्या ड्रिलनंतर लगेच कपाळावर रोखलेली इन्फ्रारेड बंदूक जो आकडा दाखवते तो फारसा विश्वासार्ह नसतो. काखेत किंवा जिभेखाली ठेवायचा साधा डिजिटल थर्मामीटर बरा, आणि जिभेखाली ठेवायचा असेल तर चहा नुकताच झालेला नसावा.

रुग्णांची संख्या एकटी बोलत नाही. तिच्याखाली त्या आठवड्याची हजेरी लिहावी लागते. अमेरिकी लष्कराच्या पाहणीत आठवड्याला दर १०० प्रशिक्षणार्थींमागे १.५ रुग्ण ही साथीची सीमारेषा मानली गेली आहे. ४०० जणांच्या केंद्रात तिचा अर्थ सहा रुग्ण असा होतो आणि तेथे ती चांगली उपयोगी पडते. पण १२० जणांच्या अकादमीत दोन रुग्ण झाले की ती ओलांडली जाते, आणि दर वेळी दोन रुग्णांवर घंटा वाजवली तर चौथ्या वेळी कोणी लक्ष देत नाही. म्हणून लहान केंद्राने माझ्या मते दुसरी खूण धरावी: एकाच बराकीत ७२ तासांच्या आत व्याख्येत बसणारे तीन रुग्ण, किंवा शेजारशेजारच्या खाटांवर दोन. त्यासाठी बराकीचा खाटांसह नकाशा एका कागदावर काढून भिंतीला लावावा आणि रुग्णाच्या खाटेवर तारखेसह खूण करावी. आजार एका कोपऱ्यातून सरकतो आहे की सगळीकडे एकदम उगवला आहे हे या कागदावर चटकन दिसते. पहिल्या प्रकारात शेजार संशयित असतो. दुसऱ्यात एकत्र येण्याची एखादी जागा, जसे मेस, वर्ग किंवा सर्वांची मिळून केलेली बसची फेरी.

लपवलेला ताप

ही सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती म्हणजे मुलाने ताप सांगणे. तो बहुधा सांगत नाही. प्रशिक्षणाचे ठरावीक दिवस चुकले तर खालच्या तुकडीत ढकलले जाण्याची भीती असते, अकादमीत फी भरलेली असते, भरतीची तारीख जवळ आलेली असते, आणि ‘एवढ्याशा तापाला काय होतंय’ हे वाक्य मैदानावर रोज ऐकू येते. मग खिशातली पॅरासिटामॉलची गोळी घेऊन तो पाच किलोमीटर धावतो. यात दोन धोके आहेत. तापात जोराचा व्यायाम केल्यास उष्माघाताची शक्यता वाढते आणि विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज आलेली असेल तर श्रमाने जिवावर बेतू शकते. दुसरा धोका बराकीतल्या इतरांना असतो.

याला उपाय औषधाच्या कपाटात नसून कार्यालयाच्या आदेशात आहे. ताप आल्याच्या दिवशी स्वतःहून कळवणाऱ्याचे विश्रांतीचे दिवस गैरहजेरीत धरले जाणार नाहीत आणि बुडालेला भाग भरून दिला जाईल, असा लेखी आदेश प्रमुखाने पहिल्याच दिवशी वाचून दाखवावा आणि पहिल्या प्रसंगी तो पाळून दाखवावा. सकाळच्या फॉल-इनमध्ये (रांगेतल्या हजेरीत) ‘कोण आजारी आहे, हात वर करा’ असे विचारून काहीही मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येक जोडीतल्या बडीने (जोडीदाराने) दुसऱ्याबद्दल सेक्शनच्या प्रमुखाला सांगायचे, ही पद्धत अधिक चालते. रात्री कोण खोकत होता आणि कोण चादर गुंडाळून कुडकुडत होता हे शेजारच्या खाटेलाच ठाऊक असते. उस्तादाने स्वतः ताप असताना मैदानावर येऊ नये हेही त्या आदेशात असावे. मुले भाषणापेक्षा उस्तादाकडे पाहून शिकतात, आणि एका उस्तादाच्या समोर रोज तीन प्लाटून उभ्या राहत असतात.

बराक: खाटा, खिडक्या आणि डास

दोन खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर असावे. ते शक्य नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतेच, तर एकाचे डोके जिकडे तिकडे शेजाऱ्याचे पाय, अशी आलटून-पालटून मांडणी करावी. त्यामुळे खाट न हलवता दोन चेहऱ्यांमधले अंतर जवळजवळ दुप्पट होते. दुमजली खाटांनाही हा नियम लावावा, वरचा आणि खालचा मिळून. अमेरिकी लष्कराने रंगरुटामागे ७२ चौरस फूट जागेचे माप धरले आहे. आपल्याकडच्या अकादमीच्या हॉलमध्ये तेवढी जागा मिळणार नाही, हे मान्य करूनही हॉलचे क्षेत्रफळ मुलांच्या संख्येने भागून पाहावे. २५ चौरस फूट असा आकडा आला तर पुढची तुकडी लहान घ्यावी, एवढे तरी त्यातून निष्पन्न व्हावे.

हवेचा प्रश्न पुण्यात वर्षातून दोनदा बिघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो म्हणून लागतात. तिसरे कारण बारमाही आहे, ते डासांचे. डेंग्यूच्या शहरात खिडकी उघडी ठेवा असा नुसता उपदेश करणे योग्य नाही. आधी जाळ्या बसवाव्यात, पावसाच्या बाजूला बाहेरून पत्र्याची पडवी काढावी, आणि मग समोरासमोरच्या दोन्ही भिंतींतल्या खिडक्या रात्रभर अर्ध्या तरी उघड्या राहतील असे पाहावे. एका बाजूच्या खिडक्या उघडून उपयोग थोडा होतो, कारण हवेला जायला वाट लागते. एका बाजूला बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावला तर ही वाट तयार होते. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दशलक्ष भागांत ४२० भाग) असते. पहाटे चार वाजता, सगळे झोपेत असताना, बराकीत ते ८००च्या आसपास असेल तर ठीक, आणि १,०००च्या बरेच वर असेल तर मुले एकमेकांचा उच्छ्वास श्वासात घेत आहेत असे समजावे. दिवसा मोकळ्या बराकीत घेतलेला आकडा कोणाला दाखवण्यात अर्थ नाही.

अंथरुणे आठवड्यातून एकदा उन्हात टाकावीत. बराक कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मैदानावरच्या धुळीने होणारा खोकला वेगळा असतो. त्यात ताप नसतो, धावल्यावर तो वाढतो आणि विसावल्यावर उतरतो. असा मुलगा दम्यासाठी तपासून घ्यावा, कारण धावताना छातीतून शिट्टी वाजणे हे दुर्लक्ष करण्यासारखे लक्षण नाही.

हात, भांडी आणि लसी

अमेरिकेच्या नौदलाने ग्रेट लेक्स येथील रंगरूट केंद्रात १९९६ मध्ये दिवसातून किमान पाच वेळा हात धुण्याचा कार्यक्रम सक्तीने राबवला, तेव्हा श्वसनविकारांसाठी बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटले. यातला महत्त्वाचा शब्द सक्तीने हा आहे. तो कार्यक्रम दिनक्रमात बसवलेला होता, फलकावर लिहून सोडलेला नव्हता. शंभर मुलांना जेवणाआधी दहा मिनिटे आणि चार नळ दिले तर कोणीही हात धुणार नाही, म्हणून आधी नळ मोजावेत. सॅनिटायझर साबणाला पर्याय समजू नये; ॲडेनोव्हायरसला मेदाचे वेष्टन नसल्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर पुरेसा परिणाम होत नाही, आणि तो दारांच्या कड्यांवर, नळांवर बराच काळ टिकतो. मेसमध्ये पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर साखळीने बांधलेला एकच पेला अजूनही दिसतो. तो काढून प्रत्येकाला स्वतःचा, नाव घातलेला मग द्यावा.

लसींबाबत डॉक्टरांचा सल्ला दाखल होण्याआधीच घ्यावा, कारण इन्फ्लुएंझाच्या लसीचे संरक्षण सुरू होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि आजाराचा जोर तिसऱ्या आठवड्यापासून वाढतो. पुण्यात इन्फ्लुएंझाचा मुख्य हंगाम पावसाळ्यात असतो आणि दुसरा, सहसा लहान, हिवाळ्यात. त्यामुळे वर्षभर राहणाऱ्या तुकडीला लस एप्रिल-मे महिन्यात देणे सोयीचे. गोवर, कांजिण्या, गालगुंड यांबद्दल प्रत्येकाला विचारून नोंद करावी. मेंदूज्वर घडवणाऱ्या जंतूवरच्या मेनिंगोकोकल लसीचा विषयही डॉक्टरांपुढे काढावा, कारण तो जंतू निरोगी माणसाच्या घशात राहून जवळ झोपणाऱ्यांत पसरतो. नव्या तुकडीला पहिले चौदा दिवस जुन्या तुकडीपासून वेगळे ठेवावे. किमान जेवणाची वेळ आणि स्नानगृह तरी वेगळे असावे.

आजारी मुलगा: वेगळे ठेवणे आणि परत घेणे

व्याख्येत बसणाऱ्या मुलाला त्याच दिवशी बराकीतून हलवावे. दर शंभरामागे चार-पाच खाटांची, खिडक्या असलेली, स्वतंत्र संडास असलेली खोली तुकडी येण्याआधीच राखून ठेवावी. साथ आल्यावर अशी खोली सापडत नाही, कारण तेव्हा तिच्यात सामान भरलेले असते. अंगावर पुरळ असलेल्याला तापवाल्यांच्या खोलीत ठेवू नये. दिवसातून दोनदा तापमान, श्वासांची गती आणि ऑक्सिमीटरचा आकडा लिहावा. मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, बोलण्यात असंबद्धता, तीन दिवसांनंतरही न उतरलेला किंवा एकदा उतरून पुन्हा चढलेला ताप, यांपैकी काहीही आढळले तर त्याला रुग्णालयात न्यावे. मान ताठरणे किंवा अंगावर दाबूनही न पुसटणारे जांभळे ठिपके दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मेनिंगोकोकल आजारात काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो.

अँटिबायोटिकची पाकिटे आणून सरसकट वाटण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती मोडावी. विषाणूवर त्यांचा उपयोग नसतो. स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूमुळे झालेली घसादुखी मात्र वेगळी: तिच्यात पेनिसिलिन वेळेत मिळाले तर पुढचा संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) टळतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या वायोमिंगमधील तळावर सिद्ध झाले. घशात पांढरे डाग, ताप, गळ्यात गाठी आणि खोकला नाही, असे चित्र एकाहून अधिक मुलांत दिसले तर डॉक्टरांना घशाची तपासणी करण्यास सांगावे.

परत घेताना ताप उतरवणारी गोळी न घेता चोवीस तास ताप नसणे ही किमान अट आहे. त्यानंतरही एक-दोन दिवस चालणे, मग हलकी धाव, आणि धाप किंवा छातीत धडधड नसेल तरच पूर्ण पीटी, असा क्रम ठेवावा. आणखी एक गोष्ट कागदोपत्री दिसत नाही म्हणून सांगतो. आजारपणामुळे मागे पडलेल्या मुलाला लगेच खालच्या तुकडीत पाठवले, तर तो आपला विषाणू ज्यांना अजून काहीच झालेले नाही अशा नवख्यांमध्ये घेऊन जातो. असा बदल पूर्ण बरे वाटल्यानंतर काही दिवस थांबूनच करावा.

आकडा चढला तर

ठरवलेली खूण ओलांडली गेली त्याच दिवशी डॉक्टरांना आणि, केंद्र नागरी असेल तर, महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. नमुने सगळ्यांचे लागत नाहीत. आजार सुरू होऊन तीन-चार दिवस झालेले नाहीत अशा पाच ते दहा जणांचे नाकाघशाचे नमुने पुरतात, आणि ते २ ते ८ अंशांत ठेवून आरोग्य विभागामार्फत प्रयोगशाळेत जातात. १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, हा पुणेकरांचा फायदा. पण तेथे थेट मुलांना घेऊन जाण्याचा प्रकार करू नये.

अहवालाची वाट न पाहता बंद सभागृहातले एकत्र वर्ग मैदानावर न्यावेत, मेसच्या पाळ्या वाढवाव्यात, बराकींची आपसातली ये-जा थांबवावी, बाधित बराकीला मास्क द्यावेत आणि आउटपास तात्पुरता बंद ठेवावा. संपूर्ण प्रशिक्षण बंद करून मुलांना दिवसभर बराकीत बसवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, आणि घाबरून सर्वांना घरी पाठवणे हा त्याच्याच तोडीचा, कारण मग साथ प्रत्येकाच्या गावी पोचते.

साथ संपली असे शेवटच्या रुग्णानंतर दोन पूर्ण अधिशयन काळ (जंतूची लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस) नवा रुग्ण न आढळता गेल्यावरच म्हणावे. इन्फ्लुएंझाचा हा काळ १ ते ४ दिवसांचा असल्याने आठ दिवस पुरतात. ॲडेनोव्हायरसचा १४ दिवसांपर्यंत लांबतो, म्हणून तेथे चार आठवडे थांबावे लागते. ज्याचा खोकला या सगळ्यानंतरही राहिला आणि दोन आठवड्यांहून अधिक झाला, त्याची थुंकी क्षयरोगासाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासावी. ही तपासणी आणि उपचार दोन्ही तेथे मोफत आहेत.